रिकाम्या वाटीचा दौरा

आमचे सर आयुष्यात कधी देशाबाहेर गेले नाहीत. पासपोर्ट मात्र काढलेला होता. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, सर पासपोर्ट पुजायचे. पाटावर ठेवून त्याला झेंडूचं फूल वाहायचे आणि परत कपाटात ठेवायचे. राज्याबाहेर मात्र महिन्यातून एकदा जाणं होई, उदगीरहून बिदरला, एस.टी.नं. त्या दीड तासाच्या प्रवासाला ते 'दौरा' म्हणायचे. परतले की गल्लीच्या तोंडाशीच थांबून जाहीर करायचे, "दौरा यशस्वी झाला. उभय बाजूंनी परस्परहिताच्या प्रश्नांवर सौहार्दपूर्ण वातावरणात चर्चा केली." उभय बाजू म्हणजे सर आणि त्यांचे साडू. परस्परहिताचा प्रश्न म्हणजे साडूंकडं राहिलेली सरांची छत्री. ती छत्री अकरा दौऱ्यांनंतरही परत आली नव्हती, पण वातावरण सौहार्दपूर्णच होतं.

उदगीरच्या एका कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे, आणि त्यातही त्यांचा विषय एकच, भारत आणि त्याचे शेजारी. अभ्यासक्रमात राज्यघटना असो की पंचायत राज, सर कुठूनही निघाले तरी पंधराव्या मिनिटाला काठमांडूत पोचलेले असत. ग्रामसेवकाची कर्तव्यं शिकवता शिकवता त्यांनी श्रीलंकेचा प्रश्न सोडवला होता, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून धडधाकट आहेत. उंची पाच फूट दोन इंच, पण आवाज सहा फूट चार. वर्गात 'मालदीव' म्हणाले की किल्ल्याच्या बुरुजावरची कबुतरं उडायची आणि परत बसायला तासभर घ्यायची.

"आपला देश मोठा होऊन राहिलाय," ते दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे. "त्यात काय मर्दुमकी? खाल्लं पिल्लं की कोण बी मोठं होतं. आपण मोठं झाल्यावर शेजाऱ्याला आपलं भ्या वाटू नये, ही खरी कला हाय."

मग प्रात्यक्षिक. वर्गात देवणीकडचा एक पैलवान होता, दारातून आडवा यायचा इतका रुंद. सर त्याला उभं करायचे आणि पहिल्या बाकावरच्या काडीपैलवानाशी बोलायला लावायचे. "विचार त्याला, जेवला का?" पैलवान विचारायचा, "जेवला का बे?" आणि काडीपैलवान घाबरून म्हणायचा, "न्हाई, तुमीच जेवा." वर्ग हसायचा. मग सर पैलवानाला खाली फरशीवर बसवायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावायचे. आता काडीपैलवान ऐटीत म्हणायचा, "हाव, वरणभात जेवलो. तू?"

"बगितलात? सवाल तोच. फकस्त उंची बदलली. मोठ्या देशानं बोलताना खाली बसून बोलावं." हा धडा सरांनी तीस वर्षं शिकवला. स्वतः कधी खाली बसले नाहीत ते नाहीतच. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच आहे.

मी तेव्हा त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायचो आणि सरांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. ओळख करून देताना ते माझ्याकडं बोट करून "हे आमचं संरक्षित राज्य" म्हणायचे. खोली देताना एकच अट होती. अंतर्गत कारभार तुझा, परराष्ट्र खातं आमच्याकडं. मला वाटलं, गंमत आहे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आप्पांनी माझ्याकडं शिडी मागितली आणि मी दिली. संध्याकाळी सरांनी मला बोलावून घेतलं.

"शिडी दिलीस?"

"हो सर."

"आमच्याशी सल्लामसलत न करता?"

"सर, त्यांना ट्यूबलाइट बदलायची होती."

"आज ट्यूबलाइट म्हणतील, उद्या आणखी काय म्हणतील." एवढं बोलून ते माझ्याकडं बघत बसले. शेवटी काकू, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, आतून ओरडल्या, "अहो, ती शिडी आप्पांचीच हाय! तुम्हीच दोन वर्सांमागं आणून ठेवलीत!" सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तर मग हा ऐतिहासिक वाद आपण मैत्रीपूर्ण मार्गानं मिटवला, असं समजू."

काकूंना ते 'संरक्षण खातं' म्हणायचे. काकू त्यांना काय म्हणायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गल्लीत चार घरं, आणि सरांनी प्रत्येकाला देश वाटून दिला होता. डावीकडं आप्पा, मोंढ्यातले भुसार व्यापारी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. त्यांचं घर चढावर होतं आणि त्यांच्या न्हाणीचं पाणी उतरून सरांच्या दारात यायचं, म्हणून आप्पा नेपाळ. आप्पा दिवसाला मोजून सात शब्द बोलायचे, त्यातले चार गिऱ्हाइकाशी. उजवीकडं मोठा नाला, त्यावर दोन फरश्या टाकलेल्या, आणि पलीकडं चाचांचं घर. चाचा एस.टी.चे रिटायर कंडक्टर. चारी बाजूंनी पाणी किंवा चिखल, म्हणून चाचा श्रीलंका. समोर अक्का. बिदरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या, आता एकट्याच, शिवणकाम करायच्या. घर सगळ्यात छोटं, अंगण मात्र ऐसपैस, त्यात एक जुना आड, आणि हसणं असं की शिलाई मशीन आपोआप चालायला लागावी. म्हणून अक्का भूतान.

एकदा चाचांनी विचारलं, "सर, और पाकिस्तान कौन?"

सर गंभीरपणे म्हणाले, "ते पद रिक्त हाय. आमचा भरायचा विचार न्हाई."

रोज सकाळी सरांच्या ओट्यावर परिषद भरायची. चहा बशीतच प्यायचा आणि ओतायचा क्रम सरांनी ठरवलेला, सगळ्यात लहान देश पहिला. म्हणजे अक्का, मग चाचा, मग आप्पा. यजमान शेवटी. कधी कधी यजमानांच्या बशीपर्यंत चहा उरायचा नाही. मग सर रिकामी बशी तोंडाला लावून "मोठ्या देशाला हे सोसावं लागतं" म्हणायचे, आणि काकू आतून दुसरं आधण ठेवायच्या. आदल्या दिवशीच्या बातम्यांवर तिथं निकाल लागायचे. शेजारच्या देशाला लशीची खोकी गेली की सर जणू स्वतः बर्फ भरून पाठवल्यासारखे खुलायचे. कुठल्या सीमेवर ट्रक अडकले, शेजाऱ्यांची चूल बंद पडली, असं छापून आलं की दिवसभर जेवायचे नाहीत. "अरे, चूल बंद पडलेला शेजारी शंभर वर्सं इसरत न्हाई!" ते पेपरालाच रागावून सांगायचे.

असा हा सुखाचा काळ होता. मग सर मोठे झाले.

म्हणजे झालं असं, की सर रिटायर झाले आणि घर वाढायला लागलं. आधी एक मजला. मग त्यावर माझी खोली उचलून दुसरा मजला. मी मध्ये आठ दिवस नुसता जिन्यावर राहत होतो. मग पुढं चकचकीत फरशी, तिच्यावरून चाचा दोनदा घसरून थेट नाल्याच्या पलीकडं स्वदेशी पोचले. मग लोखंडी फाटक, तेही बाहेर उघडणारं. उघडलं की आप्पांना आपल्या दारात परत जावं लागायचं. मग चार कॅमेरे, आणि चारही कॅमेऱ्यांची तोंडं शेजाऱ्यांच्या दारांकडं. सगळं सुरक्षेसाठी. सर म्हणायचे, "आपण अजून विकसनशीलच हावोत."

अन् मग चैत्रात बोअर घेतलं. तीनशे फुटांवर पाणी लागलं, तरी सर म्हणाले, अजून खाली जा. पाचशेला गाडीवाला म्हणाला, बस. सर म्हणाले, दीर्घकालीन धोरण हाय, जा. आठशेला पाणी असं उसळलं की समोरच्या विजेच्या तारेवरचा कावळा आंघोळ करून गेला. काकूंनी नारळ फोडला. पेढे गल्लीभर वाटले.

दहा दिवसांत आप्पांचं बोअर गुळण्या करायला लागलं. बाराव्या दिवशी चाचांच्या मोटारीतून नुसती हवा यायला लागली. आणि पंधराव्या दिवशी अक्कांच्या आडात पोहरा सोडला तर खणकन आवाज आला. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्या आडानं असा आवाज केला नव्हता.

सरांना वाईट वाटलं का? वाटलं. पण वाईट वाटण्यापेक्षा आनंदच जास्त झाला. तीस वर्षं वर्गात जे शिकवलं, ते करून दाखवायची वेळ आली होती! "परतफेडीची अट न घालता द्यायचं!" ते मुठी आवळून गच्चीवर येरझाऱ्या घालत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या भिंतीवर तीन नळ बसवले, प्रत्येकाच्या डोक्यावर शेजाऱ्याचं नाव. वर हा एवढा फलक, 'शेजारी प्रथम जलयोजना', त्यावर सरांचा नमस्कार करतानाचा फोटो. लाल फीत आली. कात्री अक्कांचीच, कापडाची, ती फीत कापून बोथट झाली. मग भाषण. चाळीस मिनिटं. आप्पा, चाचा आणि अक्का रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभे. सर दक्षिण आशियातून निघाले, हिंदी महासागरात गेले, तिथून परत येईपर्यंत घागरीचा पितळी काठ चटके द्यायला लागला होता.

आणि शेवटी प्रत्येकाचा फोटो. घागर नळाखाली, सरांचा हात नळावर, तोंडं कॅमेऱ्याकडं. दुपारपर्यंत तो फोटो कॉलेजच्या ग्रुपवर, बिदरच्या साडूंकडं आणि देव जाणे कुठं कुठं गेला. रोज सकाळी नळ उघडायच्या आधी दहा मिनिटं विचार मांडायचे, रोज एक फोटो. चौथ्या दिवशी चाचा घागर उचलता उचलता म्हणाले, "सर, पानी मीठा है. भाषण जरा खारा हो रहा." सरांना वाटलं, तारीफ आहे. तीही त्यांनी ग्रुपवर टाकली.

पाचव्या दिवशी नळावर कुणी आलं नाही. ओट्यावरही नाही. सरांनी चार बशा मांडल्या, पेपर उघडला, खाकरले. खाकरणं नाल्यापलीकडं जाऊन परत आलं. आप्पांनी दाराची कडी आतून लावून घेतल्याचा आवाज आला.

तेवढ्यात गल्लीच्या उत्तरेच्या टोकाकडून एक टँकर आला.

उत्तरेला एक शेठ पाच मजली इमारत बांधत होते. सर त्यांचं नावही घ्यायचे नाहीत, नुसतं "उत्तरेकडची सत्ता" म्हणायचे. टँकरवाल्यानं भाषण केलं नाही. नुसता पाइप टाकला, तिघांच्या टाक्या भरल्या आणि गेला. तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी शेठ स्वतः अक्कांच्या अंगणात येऊन खुर्चीवर बसले. म्हणाले, अंगणातून आमच्या गाड्या वळायला तेवढी वाट द्या, आड बुजवून वरून फरशी टाकून देतो, तसाही आटलाच आहे. पाणी जन्मभर आमच्याकडून. अक्का म्हणाल्या, सोमवारी सांगते. शनिवार-रविवार त्यांना भाचीच्या साखरपुड्याला बिदरला जायचं होतं.

हे चाचांनी मला नाल्यापलीकडून ओरडून सांगितलं, म्हणजे सरांना ऐकू जावं इतक्या हळू.

सर पांढरे पडले. अक्कांचं अंगण गेलं की गल्ली गेली. फाटकापाशी दिवसभर शेठची अवजड वाहनं वळणार, ओट्यावर धूळ बसणार, बशीत धूळ बसणार, आणि परिषदेला कुणी येणार नाही ते नाहीच. "अक्कांना कळत कसं न्हाई? मी पाणी दिलं न्हाई का? फुकट दिलं न्हाई का?"

आता सांगतो ते माझ्या आयुष्यातलं एकमेव धाडस. मी म्हणालो, "सर, बोअर आठशे फूट आहे. आपलं पाणी कुठून येतं? आप्पांच्या खालून, चाचांच्या खालून आणि अक्कांच्या आडाखालूनच ओढलं जातंय. आपण त्यांचंच पाणी त्यांना देत होतो. वर फोटो काढत होतो."

सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता खोली परत जिन्यावर. "संरक्षित राज्याला," ते दात आवळून म्हणाले, "भूगोल शिकवायचा अधिकार कुणी दिला?"

"विद्यापीठानं," काकू म्हणाल्या. त्या दारात ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात भाकरी, ठेचा आणि पिशवीतलं दही. "अन् खरं बोलतंय ते पोरगं. अक्का मला काय म्हनाल्या ठाव हाय का? म्हनाल्या, आमी तीस वर्सं सारांच्या ओट्यावर बसलो, कदी लाज वाटली न्हाई. सारांनी मला घागर घेऊन फोटोत उभं केलं अन् बिदरच्या माज्या जावंनं फोन केला, काय वो, भीक मागायची पाळी आली का."

सरांनी ताट पुढं ओढलं. दह्यात भाकरी बुडवली आणि तशीच धरून बसले.

"मी एकच इचारते," काकू म्हणाल्या. "तुमी देताव, देताव, देताव. मोठं घर झाल्यापासून तुमी त्या माणसांकडं काय मागितलात?"

सर ताडकन उठले आणि आत गेले. दुपारभर नोट्स चाळल्याचा आवाज येत होता. तीस वर्षांच्या नोट्स, पोत्यांनी. मला वाटलं, उत्तर शोधतायत. चार वाजता केसांत धूळ घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "साहाय्य हाय. सहकार्य हाय. सामंजस्य करार हाय. देणगी, भेट, सवलत, समदं हाय. मागण्यावर एक पान न्हाई. लेकराहो, मी तीस वर्सं अर्धाच इषय शिकवला."

काकूंनी त्यांच्या हातात एक रिकामी वाटी ठेवली. "जावा. अक्कांकडून विरजण आणा."

इथं थोडं सांगायला हवं. त्या गल्लीतलं सगळं दही अक्कांच्या विरजणाचं. नवरी होऊन आल्या तेव्हा माहेरून गाडग्यात चमचाभर दही आणलं होतं, त्याची वंशावळ पुढं चार घरांत पसरली. ते दही असं घट्ट लागायचं की चमचा उभा केला तर पुढच्या बाजारापर्यंत उभाच. कुणाचं दही बिघडलं की वाटी घेऊन अक्कांकडं जायचं, ही गल्लीची रीत. सरांच्या घरात मोठा फ्रिज आला आणि दही पिशवीतनं यायला लागलं. तेव्हापासून आमच्या घरातनं वाटी गेली नव्हती. हे कुणी बोललं नव्हतं, पण प्रत्येकाला माहीत होतं. सरांखेरीज.

सरांनी आधी मसुदा लिहिला. 'आमच्या निवासस्थानाच्या वतीनं आपल्या निवासस्थानाकडं विरजणविषयक विनंती करण्यात येते की…' काकूंनी कागद घेतला आणि चुलीत घालायला चूल नव्हती म्हणून फाडला. मग सरांनी कोट घातला. काकूंनी काढायला लावला. मग टोपी. ती राहू दिली. या सगळ्यात इतका वेळ गेला, की सर फाटकाबाहेर पडले तेव्हा उन्हं उतरून गेली होती. मी मागं. संरक्षित राज्यानं शिष्टमंडळात असायलाच हवं.

गल्लीत सर वाटी घेऊन निघालेत, ही बातमी आमच्या आधी पोचली. आप्पा दारात आले. चाचा फरशीवर येऊन उभे राहिले. अक्कांचं दार उघडं होतं आणि त्या देवापुढची समई लावून नुकत्याच उंबऱ्यात येऊन बसल्या होत्या.

सर उभे राहिले. मग काय आठवलं कोण जाणे, इकडंतिकडं बघितलं आणि सरळ खाली, अंगणातल्या पायरीवर, अक्कांच्या पायाशी बसले. तीस वर्षं दुसऱ्यांना बसवलं, त्या दिवशी स्वतः बसले. गुडघे असे वाजले की चाचांना वाटलं, बस पंक्चर झाली.

"अक्का," सर म्हणाले. आवाज कुठं गेला होता देव जाणे, जेमतेम चार फूट उरला होता. "जरा विरजण मिळंल का?"

अक्कांनी विचारलं, "फ्रिज बिगडला का, सार?"

"न्हाई. फ्रिज झकास हाय. दही बिगडलंय. पाच वर्सांपासून."

अक्कांनी वाटीकडं बघितलं, सरांकडं बघितलं, आत समईकडं बघितलं. आणि म्हणाल्या, "दिवे लागले की वो सार. दिवे लागल्यावर विरजण देत न्हाईत. उद्या या."

मी मनात म्हटलं, आता बुरुजावरची कबुतरं उडतात. दुमजली घर, चार कॅमेरे, आठशे फूट बोअर, आणि माणूस वाटीभर दह्यासाठी आला तर सांगितलं, उद्या या! काकूंनी चार वाजताच पाठवलं होतं, पण आम्ही कोट-टोपीत वेळ घालवला. ही चूक गल्लीतल्या कुठल्या पोरीनं केली नसती.

सर उठले. "हाव अक्का," म्हणाले. "चुकलं माजं. उद्या येतो."

आणि रिकामी वाटी घेऊन तेवढी सगळी गल्ली परत चालत आले. चाचांनी विचारलं, "क्या सर, खाली हाथ?" सर म्हणाले, "दिवे लागले होते ना चाचा." आप्पांनी विचारलं, "उद्या?" हा त्या दिवसातला त्यांचा सातवा शब्द असावा. सर म्हणाले, "उद्या." फाटकापाशी मी बघितलं, सर हसत होते. "मला परत पाठवलं रे," ते कुजबुजले. "मला! नोट्समध्ये लिहून ठेव. आपल्याला न्हाई म्हणायची हिंमत शेजाऱ्याला झाली, म्हंजे बोलणी सुरू झाली."

सकाळी सात वाजता, बिना टोपीचे, सर पुन्हा पायरीवर. अक्कांनी वाटीत बोटभर विरजण घातलं आणि वरून म्हणाल्या, "दूध कोमट घ्या सार, तुमच्या भाषणावानी गरम नको." आणि हसल्या. आत शिलाई मशीन आपोआप दोन टाके चालली, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

त्या दिवसापासून सरांना मागायचं वेडच लागलं. आप्पांकडं खोरं मागितलं. चाचांकडं पहार मागितली. माझ्याकडं भूगोल मागितला! "अक्कांच्या आडाचा तळ कशाचा हाय?" मी म्हटलं, काळा कातळ, सर. "पाणी ठरंल?" म्हटलं, ठरेल.

शनिवारी अक्का बिदरच्या बसमध्ये बसल्या आणि आम्ही कामाला लागलो. भिंतीवरचे तीन नळ काढले, फलक काढला. सरांच्या बोअरपासून गल्ली ओलांडून जमिनीखालून एक पाइप थेट आडात. खोरं आप्पांनी स्वतः चालवलं, पहार चाचांनी. सर मध्ये उभे राहून कमी बोलायचा प्रयत्न करत होते आणि त्यानं त्यांना घाम येत होता. वरून माती अशी बेमालूम सारवली की गल्लीतली कोंबडीसुद्धा फसली. आडातनं ज्यानं त्यानं आपापल्या हातानं शेंदायचं. नळ नाही, नाव नाही, फोटो नाही. कॅमेऱ्यांची तोंडं सरांनी आपल्याच फाटकाकडं वळवली. रविवारी दिवसभर मोटार चालली, सोमवारी उजाडलं तरी चालूच होती.

सोमवारी सकाळी अक्का आल्या, पिशवी ठेवली, सवयीनं पोहरा सोडला. डुबुक!

त्या वाकून आडात बघत राहिल्या. मग आमच्या घराकडं बघितलं. आमच्या घरात त्या वेळी मी, सर आणि काकू, तिघं एका खिडकीच्या एका पडद्यामागं होतो. मोटारीचा आवाज इथून तिथं स्वच्छ ऐकू जातो, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात तेव्हाच आलं.

तेवढ्यात शेठ आले. "काय अक्का, ठरलं ना? आड तर आटलेलाच..."

"आटलेला?" अक्कांनी पोहरा वर ओढला आणि पाणी असं अंगणात ओतलं की शेठचे बूट दोन पावलं मागं गेले. "आमच्या आडाला पाणी आलंय, शेठ. अंगण कोडल्ल. देत न्हाई." टँकर तेव्हापासून उत्तरेतच थांबतो.

तासाभरानं अक्का ओट्यावर आल्या. आप्पा आले, चाचा फरश्या ओलांडून आले. बशा मांडल्या. अक्कांनी पहिली बशी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सार, नवल झालं. आडाला आपोआप पाणी आलं. देवाची कृपा."

आप्पांनी छताकडं बघितलं. चाचांना एकदम नाल्यात काहीतरी दिसलं. मी पेपर उलटा धरून वाचायला लागलो.

"व्हय अक्का," सर म्हणाले. "देवाचीच."

काकूंनी आतून ताकाचा गडवा आणून ठेवला, अक्कांच्या विरजणाच्या पहिल्या दह्याचं ताक. मीही न राहवून सरांना चिडवलं, "सर, दौऱ्याचं निवेदन?"

सरांनी तोंड उघडलं. सहा फूट चार इंचाचा आवाज घशापर्यंत आलेला आम्हा सगळ्यांना दिसला. मग त्यांनी गडवा उचलला, चौघांना ताक ओतलं, सगळ्यात शेवटी स्वतःला घेतलं. या वेळी उरलं होतं. मिशीला पांढरी रेघ घेऊन ते अक्कांकडं वळले.

"अक्का," म्हणाले, "जरा मीठ हाय का घरात?"